निर्वासित मुलीचा निबंध

ज्यूडिथ कर ह्यांची ‘व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट’ ही कादंबरी १९७१ सालीं मुलांसाठीं म्हणून प्रसिद्ध झाली. परंतु देशोधडीला लागलेल्या मुलाला शाळा काय देते व काय देऊं शकत नाहीं, ह्याचा इतका प्रामाणिक विचार प्रौढांच्या ग्रंथांतही क्वचितच आढळतो. १९३३ सालीं हिटलरच्या हातीं सत्ता येण्याच्या सुमारास बर्लिनमधील एक ज्यू कुटुंब देश सोडतें. नऊ वर्षांची ॲना आपला गुलाबी ससा मागें ठेवून प्रथम स्वित्झर्लंड, मग पॅरिस व अखेर लंडन गांठते. लेखिकेच्या स्वतःच्या बालपणावरच ही कथा आधारलेली आहे.

पॅरिसच्या शाळेचा भाग हा ह्या पुस्तकाचा गाभा होय. प्रत्येक वाक्य मनांतल्या मनांत जर्मनमधून फ्रेंचमध्यें आणतां आणतां ॲना थकून जाते. मग एके दिवशीं मैत्रीण सहज विचारते, रविवारीं काय केलेंस? आणि उत्तर आपोआप फ्रेंचमध्यें ओठांवर येतें. लेखिकेनें ह्या प्रसंगाचा गाजावाजा केलेला नाहीं, हें तिच्या रसिकतेचें द्योतक आहे. पुढें परीक्षेंत ‘प्रवास’ हा निबंधाचा विषय येतो, तेव्हां वडिलांनीं अंगांत ताप असतांना बर्लिन सोडून प्राग गांठलें, ती हकीकत ॲना लिहिते आणि बक्षीस मिळविते.

परंतु ज्या वडिलांच्या प्रवासावर हें यश उभें आहे, त्यांचें काय? ते जर्मन भाषेचे नामांकित लेखक. त्यांचीं पुस्तकें त्यांच्याच देशांत जाळलीं गेलीं. मुलांना नवी भाषा शाळेंत मिळाली. वडिलांसाठीं अशी शाळा कोठेंच नव्हती.

आमचा आक्षेप शेवटाविषयीं आहे. कुटुंब एकत्र राहिलें म्हणून आपलें बालपण खडतर नव्हतेंच, असा ॲनाचा निष्कर्ष निघतो. तिच्या वयाला तो शोभतो. पण १९३८-३९ मध्यें सुमारें दहा हजार मुलें आईबापांवांचून इंग्लंडला पाठविलीं गेलीं आणि त्यांतील पुष्कळांना तीं पुन्हा भेटलींच नाहींत. त्यांना हा दिलासा कसा पुरावा?

तथापि पुस्तकाचें मोल त्यामुळें उणावत नाहीं. वडिलांची कथा मुलीनें अखेर लिहिली, ती इंग्रजींत. त्यांच्या जर्मनमध्यें नव्हे. परक्या मुलाला आपल्या वर्गांत बसविणाऱ्या प्रत्येक शिक्षकानें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.