प्रेमात पडलेल्यांनी भेटायचे कुठे?

या पावसाळ्यात मी फक्त प्रेमकादंबऱ्या वाचल्या. रोवणी उरकली की नाकाडोंगरीत संध्याकाळ लांबत जाते. बांध्यांमध्ये पाणी भरलेले असते आणि पाऊस नसला तरी बाहेर पडावेसे वाटत नाही. काही पुस्तके घरात होती, काही तुमसरहून आणवली, काही वाचनालयाची. वाचनालयाच्या प्रतींचा एक फायदा असतो, शेवटच्या कोऱ्या पानावर आधीच्या वाचकांनी पेन्सिलीने दिलेले निकाल वाचायला मिळतात. ‘छान’, ‘एकदा वाचावी’, ‘शेवट पटला नाही’. अशा एका निकालाखाली दुसऱ्याच अक्षरात ‘मलाही’ असे लिहिलेले होते. मराठी प्रेमकादंबरीची एवढी प्रामाणिक समीक्षा मासिकांत फारशी सापडत नाही.

या लेखाचा प्रश्न मात्र माझा नाही. शेजारची एक मुलगी, यंदा बारावीला असलेली, मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ वाचायला घेऊन गेली होती. चार दिवसांनी पुस्तक परत देताना म्हणाली, “काकी, याईले भेटाले जागा त होती.”

कादंबरी आवडली की नाही, हे तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पण त्यानंतर जी जी प्रेमकादंबरी हातात घेतली, तिच्यात मी आधी जागा शोधू लागले. ही दोघे भेटतात कुठे? ती जागा कोणाची? तिथे जायला कोणाची परवानगी लागते? पाहता पाहता नायक-नायिकांचे चेहरे मागे पडले आणि जागाच पुढे येऊ लागल्या. मला असे वाटू लागले की मराठी प्रेमकादंबरीचा इतिहास भावनेपेक्षा भेटीच्या जागेच्या अंगाने अधिक नीट लिहिता येईल.

सुरुवात ना. सी. फडक्यांपासून करावी लागते. ‘कुलाब्याची दांडी’ 1925ची, ‘जादूगार’ 1928ची, ‘दौलत’ 1929ची. 1931 साली त्यांनी ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीचे तंत्रच सांगितले. फडक्यांवरचा आक्षेप आपल्याला पाठ आहे. त्यांचे जग गुळगुळीत, नायक देखणे, दुःख सुगंधी. ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ या वादात फडके आणि खांडेकर अशी दोन टोके करून आपण पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेची उत्तरे लिहिली. पण त्यांच्या तंत्राकडे जागेच्या बाजूने पाहा. त्या तंत्राला योगायोग लागतो, आणि योगायोगाला अशी जागा लागते जिथे ओळख नसलेला तरुण आणि ओळख नसलेली तरुणी वडीलधाऱ्यांविना समोरासमोर येऊ शकतील. महाविद्यालय, आगगाडीचा डबा, टेनिसचे मैदान, थंड हवेचे ठिकाण. 1925च्या महाराष्ट्रात अशा जागा होत्या किती? मोजक्या शहरांत, मोजक्या घरांतल्या मुलींसाठी. बाकीच्या वाचकांना, विशेषतः वाचक स्त्रियांना, फडक्यांनी प्रेमापेक्षा आधी ती जागा दिली. त्याला पलायन म्हणायचे तर म्हणावे. मला ती त्या काळची मागणी वाटते. फडक्यांचा दोष मी वेगळ्या ठिकाणी धरते. त्या जागेच्या दाराशी कोण अडवले जाते, हे त्यांनी कधी दाखवले नाही. आत आलेले सगळे साधारण एकाच थरातले आणि एकाच प्रकारच्या आडनावांचे असतात. म्हणून तिथे अडचण यायची ती गैरसमजाची, अहंकाराची, फार तर पैशाची. जातीची अडचण दाराबाहेरच राहते.

दाराबाहेर काय होते ते अण्णा भाऊ साठे यांच्या ‘आवडी’त आहे. या कादंबरीवरून 1969 साली ‘टिळा लाविते मी रक्ताचा’ हा चित्रपट निघाला. अनेकांना तोच आठवतो. इथे प्रेम जातीची वेस ओलांडते आणि सगळे उघड्यावर घडते, गावाच्या डोळ्यांदेखत. गावात योगायोग नसतो. सगळे सगळ्यांना जन्मापासून ओळखतात, त्यामुळे पहिली भेट नावाचा प्रकारच होत नाही. फडक्यांचे तंत्र इथे चालणारच नाही. आपण ‘आवडी’ला ग्रामीण कादंबरी म्हणतो, दलित साहित्याच्या यादीत घालतो आणि प्रेमकादंबरीच्या यादीतून वगळतो. ही वाटणी मला मुळीच मान्य नाही. ‘दौलत’ प्रेमकादंबरी असेल तर ‘आवडी’ही आहे.

विदर्भाचे म्हणून ग. त्र्यं. माडखोलकरांचे नाव घेतले पाहिजे. नागपुरात बसून, पत्रकारिता सांभाळून त्यांनी ‘मुक्तात्मा’, ‘भंगलेले देऊळ’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. प्रेमाला राजकारणाची जोड हे त्यांचे वैशिष्ट्य. मी त्या आदराने वाचल्या. पुन्हा वाचीन असे वाटत नाही.

विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ मात्र मी या पावसाळ्यात दोनदा वाचली. ती 1934ची. नवऱ्याने टाकलेली अचला स्वतःच्या पायांवर उभी आहे आणि विरागशी तिचे नाते जुळते, लग्नाशिवायचे नाते. मराठी प्रेमकादंबरीत भेटीची जागा बाईची स्वतःची असणे हे मला इथे पहिल्यांदा ठसठशीत दिसले. दार उघडायचे की नाही, हे अचला ठरवते. आणि त्याच क्षणी कादंबरीचा सूर बदलतो. फडक्यांच्या मैदानावर जे लोभस वाटते, ते बाईच्या स्वतःच्या घरात समाजाला गुन्हा वाटू लागते. त्यातून तिला मूल हवे आहे. चोरून भेटण्याची मजा वाचकाला चालते, पण भेटून राहणाऱ्या बाईने पुढचा हक्क मागितला की त्याला घाम फुटतो. नव्वद वर्षांपूर्वीचे हे पुस्तक आहे आणि त्यातली भीती अजून तशीच ताजी आहे. मालतीबाई बेडेकरांनी ते टोपणनावाने का लिहिले असेल, हे पुस्तक मिटताना कळते.

आता एका दिवाळी अंकाबद्दल. 1962च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ छापून आली. नायक कवी, त्याच्या आयुष्यात तीन स्त्रिया. पुण्याच्या एका वाचकाने ती अश्लील असल्याची तक्रार केली आणि भारतीय दंडसंहितेच्या कलम 292 खाली खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखक आणि मुद्रक-प्रकाशक यांना प्रत्येकी 25 रुपये दंड केला आणि त्यांच्या ताब्यातल्या अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितले. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. 25 ऑगस्ट 1969 रोजी न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाने त्यांची सुटका झाली.

हा निकाल साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा असा आहे. काळाबरोबर समाजाची मापे बदलतात, प्रेम आणि शरीरसंबंध असलेले पुष्कळ वाङ्मय तरुणांना उपलब्ध आहे, आणि तेवढ्यावरून बंदी घालायची तर तरुणांना केवळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, अशा आशयाचे त्यात म्हटले आहे. पण त्याचबरोबर न्यायालयाने असेही सांगून टाकले की ही कृती फार वरच्या वाङ्मयीन दर्जाची नसेल, तीत लेखकाची अपरिपक्वता आणि अनुभवाची कमतरता दिसत असेल, तरी ती अश्लील ठरत नाही. म्हणजे काकोडकर सुटले ते समीक्षेत नापास होऊन. कायद्याने त्यांच्या कथेला जगायची मुभा दिली, पण पंगतीत पान मांडले नाही. आपल्या समीक्षेने प्रेमकादंबरीशी नेमके हेच केले आहे. चालू द्या, पण मोजू नका. याच काकोडकरांच्या ‘निलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला, तोही 1969 सालीच. देशभर लोकांनी तो डोक्यावर घेतला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र काकोडकरांना किती ओळी मिळाल्या, हे ज्याने त्याने आपल्या कपाटातल्या खंडात पाहावे.

मी काकोडकरांची वकिली करत नाही. या पावसाळ्यात वाचलेल्या त्यांच्या चार कादंबऱ्यांपैकी दोन मला कंटाळवाण्या वाटल्या. संवाद सैल आहेत आणि योगायोग फार. पण एक गोष्ट त्यांच्याकडे आहे. त्यांचे प्रेमिक भाड्याच्या खोलीत राहतात. भिंत पातळ असते, शेजारी ऐकत असतो, महिनाअखेर येते. फडक्यांच्या मैदानावरून मराठी प्रेम खोलीत आले ते या स्वस्त, मळक्या प्रतींमधून. न्यायालयात ज्या उताऱ्यांवर बोट ठेवले गेले ते शारीर जवळिकीचे होते. मला वाटते, तक्रार करणाऱ्याला खरा त्रास झाला तो दार बंद झाल्याचा.

नंतर सुहास शिरवळकरांच्या ‘दुनियादारी’ने ते दार उघडून सगळ्यांना कट्ट्यावर आणून बसवले. कॉलेजच्या पोरांनी ती कादंबरी जपली, आणि 2013 साली चित्रपट आला तेव्हा पुन्हा नव्या पोरांनी विकत घेतली. कट्टा ही मुलग्यांची जागा आहे. तिथे मुलगी येते ती पाहुणी म्हणून. मला शिरवळकर वाचताना मजा येते, पण त्या कट्ट्यावर मला बसायला जागा नाही, हेही जाणवत राहते.

‘शाळा’ (2004) आणि सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) या दोन पुस्तकांमध्ये जागेचा विचार सर्वांत खोल गेला आहे. ‘शाळा’तला मुकुंद जोशी नववीत आहे, काळ आणीबाणीचा. चार मित्रांची बसायची जागा म्हणजे अर्धवट बांधलेली इमारत. भिंती आहेत, पण घर झालेले नाही, त्या वयासारखेच. शिरोडकरशी बोलायचे तर क्लासला जायच्या-यायच्या वाटेवर. सबंध प्रेम त्या वाटेवरच्या मिनिटांत मावते. बोकिलांची कमाल अशी की ही मिनिटे त्यांनी फुगवली नाहीत. ती तेवढीच ठेवली, म्हणून ती संपल्यावर इतकी लागतात. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते, तेव्हा माणूस गेल्याइतकीच ती वाटही गेल्याचे दुःख होते. शेजारच्या मुलीला हेवा वाटला तो या वाटेचा. आमच्याकडे क्लासला जाणारी पोरगी मैत्रिणींच्या घोळक्यात जाते किंवा भावाच्या गाडीवर.

‘कोबाल्ट ब्लू’मध्ये जागा घरातच आहे, पण घराची नाही. पुण्यातले मध्यमवर्गीय घर, वरची खोली भाड्याने दिलेली, तिथे राहायला आलेला एक तरुण. त्याच्या प्रेमात तनय पडतो आणि त्याची बहीण अनुजाही. पुस्तकाचा पहिला भाग तनयचा, दुसरा अनुजाचा. भाडेकरूला शेवटपर्यंत नाव नाही. जिना चढून वर गेले की त्याच घराचे नियम गळून पडतात, हे कुंडलकरांनी फार थोड्या शब्दांत दाखवले आहे. आणि एक बारीक गोष्ट. तनय वर जातो तेव्हा कोणालाच संशय येत नाही, कारण मुलग्याने मुलग्याच्या खोलीत जाण्यात घराला काही वावगे दिसत नाही. ज्या प्रेमाला समाजात सर्वांत कमी जागा आहे, त्याला याच आंधळेपणामुळे घरात खोली मिळते. अनुजाला मात्र घर सोडून पळावे लागते. भावाबहिणीच्या या दोन वाटांमधला फरक मला त्या प्रेमभंगाहून मोठा वाटला. मराठीत गेल्या वीस वर्षांत प्रेमावर लिहिलेले यापेक्षा बरे काही मी वाचलेले नाही.

तरीही यातली एकही जागा तुमसर-कटंगी रस्त्यावरची नाही. फडक्यांपासून कुंडलकरांपर्यंत प्रेमाचा पत्ता बहुतेक पुण्या-मुंबईचाच लागतो. आमच्याकडे एका बाजूला डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मॅंगनीजच्या खाणी, दुसरीकडे बावनथडी आणि तिच्यापलीकडे मध्य प्रदेश. नदीच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत, आणि हिंदीतला गुलशन नंदाही इथल्या घरांत मराठी कादंबऱ्यांच्या बरोबरीने वाचला गेला. त्याचे बंगले आणि तळी आम्हांला पुण्याच्या कॉलेजाइतकीच लांबची. मग इथे प्रेम होत नाही का? होते. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहफुले वेचताना होते, तेंदूपाने तोडताना होते, रोवणीच्या ओळीत होते. ते लिहिले गेलेले माझ्या वाचनात तरी नाही. आता मोबाइल आला आणि जागेचा प्रश्न सुटला असे लोक म्हणतात. पण मुलीच्या हातातला मोबाइल बहुधा सगळ्या घराचा असतो.

झाडीपट्टीच्या नाटकांनी हे थोडेफार केले आहे. दिवाळीनंतर रात्रभर चालणाऱ्या त्या नाटकांत प्रेम हटकून असते, रडवून असते. समीक्षक त्यांनाही ‘रंजन’ म्हणून बाजूला ठेवतात. पण तिथे निदान प्रेम आणि प्रेक्षक एकाच गावात बसलेले असतात.

आणि मंडई आहे. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. दंडार, दुकाने, रात्री नाटक. घरोघरी पाहुणे आलेले असतात, लेकी माहेरी असतात, पाहुण्यांबरोबर त्यांची पोरे-पोरीही. वर्षात हीच एक वेळ, जेव्हा ओळख नसलेली तरुण माणसे वडीलधाऱ्यांच्या देखत आणि तरी त्यांच्या नजरेआड समोरासमोर येतात. फडक्यांना आगगाडीच्या डब्यात जे मिळाले ते इथे बांगड्यांच्या दुकानापुढे मिळते. कित्येक लग्ने इथे दिसण्यातून ठरतात, आणि काही दिसणी लग्नापर्यंत पोचत नाहीत. एक अख्खी कादंबरी त्या एका रात्रीत बसेल. सायंकाळी दुकाने लागल्यापासून पहाटे नाटकाचा पडदा पडेपर्यंत.

हा अंक येईल तेव्हा मंडईचे दिवस असतील. शेजारची मुलगी ‘कोबाल्ट ब्लू’ मागून गेली आहे. द्यावी की नाही असा मनात एक क्षण आला होता, तो 1962च्या त्या तक्रारदाराचाच असावा. मी पुस्तक दिले. अजून परत आलेले नाही.