शिक्का आधी, गुन्हा नंतर

समाजशास्त्र किंवा गुन्हेगारीशास्त्र शिकणाऱ्याला हॉवर्ड बेकरचं 'आउटसायडर्स' (१९६३) चुकत नाही. बेकरचं म्हणणं थोडक्यात असं, की गुन्हेगारपण माणसाच्या कृत्यात दडलेलं नसतं. समाज नियम करतो, ते कुणाला लावायचे हे ठरवतो आणि शिक्का मारतो. त्याची उदाहरणं अमेरिकेतली : गांजा ओढणारे आणि जॅझ वादक. याच प्रश्नावरचं मराठी पुस्तक मात्र आपण आत्मकथनांच्या कपाटात ठेवून दिलंय : लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७).

हे पुस्तक वाचून हळहळणं सोपं आहे. पण त्यात दुःखाइतकीच एक यंत्रणाही दिसते. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवायची सोय केली. कायदा १९५२मध्ये रद्द झाला, संशय राहिला. चोरी कुठेही होवो, झडती ठरलेल्या घरांची. काम मागायला जावं तर जात आडवी येते. मग चोरी हाच धंदा उरतो, आणि कुणी पकडला गेला की संशय खराच होता असं सगळे म्हणतात.

मी डेटावर काम करतो, म्हणून हे चक्र ओळखीचं वाटलं. पोलिसांच्या नोंदी गुन्हा कुठे झाला याइतक्याच पोलीस कुठे गेले हेही सांगतात. त्यांवर मॉडेल शिकवलं तर तेही त्याच वस्तीकडे बोट दाखवणार.

गायकवाड आपल्या माणसांना निष्पाप ठरवत नाहीत, ही पुस्तकाची ताकद. चोरीचं शिक्षण ते कसबासारखं मांडतात. लक्ष्मण शाळेत जातो म्हणून पोरं आजारी पडली, असं त्याचेच लोक म्हणतात. बाहेरचा शिक्का आत किती खोल उतरतो हे त्या एका प्रसंगात कळतं. उत्तरार्धात, गिरणी आणि संघटनेच्या कामात, निवेदन अहवालासारखं सपाट होतं. तिथे माणसं मागे पडतात, घटना उरतात.

तरी पुस्तक जुनं झालेलं नाही. विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारे उल्लेख काही राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले ३ ऑक्टोबर २०२४ला. म्हणजे कायदा जाऊन बहात्तर वर्षांनी. बेकर जरूर वाचावा. पण शिक्का मारला जातो तेव्हा घरात काय होतं, हे 'उचल्या'त वाचावं.