डिबगरचा बाण इतका ठाम कशासाठी?

रिसर्चसाठी सी किंवा सी++ शिकणाऱ्या प्रत्येकाला सल्ला मिळतो, ‘प्रिंट टाकत बसू नका, डिबगर वापरा.’ सल्ला चांगलाच आहे. पण डिबगर दाखवतो ती ओळ खरीच त्या क्षणी चालू असते का, हे सहसा कोणी सांगत नाही. आज जीडीबीबद्दलची माझी ही एक तक्रार.

आधी तो ओळ शोधतो कशी ते बघू. प्रोसेसरला तुमचा सोर्स कोड माहीतच नसतो, तो मशीन इन्स्ट्रक्शन चालवतो. कंपायलरला ‘जी’ हा पर्याय दिला की तो ड्वार्फ नावाच्या फॉरमॅटमध्ये एक तक्ता लिहून ठेवतो: या पत्त्यावरची इन्स्ट्रक्शन या फाइलच्या या ओळीतून आली. प्रोग्राम जिथे थांबला तो पत्ता घेऊन जीडीबी हा तक्ता वाचतो. म्हणजे बाण हे निरीक्षण नाही, कंपायलरने आधीच करून ठेवलेली नोंद आहे.

आता ‘ओ-टू’ लावा. लूपमधलं न बदलणारं गणित लूपबाहेर जातं. छोटं फंक्शन बोलावलं तिथेच उलगडलं जातं. इफ आणि एल्स या दोन्हीकडे शेवटी सारखंच काम असेल, तर ते एकदाच लिहिलं जातं. मग ती इन्स्ट्रक्शन कोणत्या ओळीची? खरं तर दोन्ही ओळींची. पण तक्त्यात तिच्यासमोर एकच ओळ येते. इफमधली लिहिली, तर एल्समधून आलेला प्रोग्रामही इफमध्ये उभा असलेला दिसतो! ड्वार्फमध्ये यावर एक सभ्य उत्तर आहे: ओळ ०, म्हणजे ‘एक ओळ सांगता येत नाही’. ते वापरायचं की नाही हे मात्र कंपायलरच्या हातात.

जीडीबीवर अन्याय नको. व्हेरिएबलची किंमत उरली नसेल तर तो सरळ ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ म्हणतो. सोर्स फाइल एक्झिक्युटेबलपेक्षा नवी असेल तर इशारा देतो. उलगडलेली फंक्शनं बॅकट्रेसमध्ये वेगळी दाखवतो. त्याच्या मॅन्युअलमध्येही ऑप्टिमाइझ केलेल्या कोडबद्दल सावध केलेलं आहे. पण बाण? ‘ओ-झीरो’ असो की ‘ओ-टू’, तो तितकाच ठाम. गंमत म्हणजे जीसीसी आपले पर्याय ड्वार्फमध्ये नोंदवून ठेवतो, आणि ‘इन्फो सोर्स’ विचारलं की जीडीबी ते दाखवतोही. म्हणजे माहिती हाताशी आहे, फक्त बाणाजवळ नाही. मॅन्युअलमधला इशारा रात्री दोन वाजता कोण वाचणार?

प्रश्न नवा नाही. जॉन हेनेसी यांनी १९८२ साली ऑप्टिमाइझ केलेल्या कोडच्या डिबगिंगवर पेपर लिहिला, त्यात व्हेरिएबलच्या कोणत्या किमतींवर भरवसा ठेवता येत नाही याचं वर्गीकरण केलं. किमतींबद्दलची ती शंका आज डिबगरच्या स्क्रीनवर दिसते. ओळींबद्दलची शंका अजून दिसत नाही.

‘मग ओ-झीरोवरच डिबग करा ना!’ हे उत्तर अर्धंच आहे. इनिशियलाइझ न केलेलं व्हेरिएबल किंवा दोन थ्रेडमधली शर्यत ओ-झीरोवर कित्येकदा गायबच होते. जीसीसी ४.८ मध्ये, २०१३ साली, ‘ओ-जी’ हा मधला पर्याय आला. त्याने त्रास कमी होतो, संपत नाही. आणि आपली सिम्युलेशन्स चालतात ती ओ-टू किंवा ओ-थ्रीवर, पेपरमधले आकडेही तिथलेच. चुकीच्या ओळीवर विश्वास ठेवून निर्दोष कोड ‘दुरुस्त’ केला, त्या बदलामुळे कंपायलरने मांडणी बदलली आणि क्रॅश थांबला, तर बग तसाच राहतो. फक्त आता तो ओरडत नाही, गुपचूप आकडे बिघडवतो.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. एक, डिबगिंग सुरू करताना ‘इन्फो सोर्स’ बघा. दोन, बाण विचित्र उड्या मारायला लागला की ‘डिसअसेंबल’ला ‘एस’ जोडून सोर्स आणि इन्स्ट्रक्शन शेजारी-शेजारी वाचा. तीन, बॅकट्रेसमधले पत्ते ‘अ‍ॅड्र-टू-लाइन’ला देताना लक्षात ठेवा, वरच्या फंक्शनांचे पत्ते हे परतीचे पत्ते असतात. त्यातून १ वजा केला नाही, तर पुढची ओळ दिसू शकते.

प्रयोगशाळेतल्या मीटरची त्रुटी आपण वहीत लिहितो. डिबगरही मीटरच आहे, तोच नियम त्यालाही लावा.