‘पर्याय’ नावाचा रकाना

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ शाळेत आला की त्याच्याबरोबर एक ठरलेला प्रश्नही येतो : “सर, यातल्या ट्रान्झिस्टरवरचा नंबर पुसला गेलाय. याच्या जागी कोणता बसेल?” उत्तरासाठी आपण पर्यायी ट्रान्झिस्टरांचे पुस्तक काढतो. ही पुस्तके दुरुस्तीच्या टेबलांवर इतकी हाताळली गेली, की ती चांगली की वाईट याचा विचार सहसा कोणी केला नाही. अशा दोन पुस्तकांकडे शिक्षकाच्या नजरेने पाहण्याचा येथे विचार आहे.

पहिले, टी. डी. टॉवर्स यांचे १९७४ साली प्रथम निघालेले ‘टॉवर्स इंटरनॅशनल ट्रान्झिस्टर सिलेक्टर’. दुसरे, अ‍ॅड्रियन मायकेल्स यांचे ‘इंटरनॅशनल ट्रान्झिस्टर इक्विव्हॅलंट्स गाइड’. हे १९८०च्या दशकातले असून खिशाला परवडणारे आहे. मायकेल्स यांचे पुस्तक क्रमांकासमोर पदार्थ, प्रकार, उत्पादक, उपयोग आणि युरोपीय, अमेरिकी, जपानी पर्याय देते. टॉवर्स यांच्या कोष्टकात पर्याय आहेतच. पण त्याआधी कमाल व्होल्टेज, कमाल प्रवाह, शक्ती, वारंवारतेची मर्यादा, गेन आणि पायांची रचना यांचे रकाने आहेत. फरक छोटा दिसतो, पण महत्त्वाचा आहे. एक पुस्तक केवळ उत्तर देते. दुसरे उत्तराबरोबर ते तपासण्याचे साधनही देते.

तपासणीची गरज मला एका विद्यार्थ्यामुळे पटली. त्याच्या आजोबांच्या रेडिओत शेवटच्या टप्प्यात एसी १२८ ची जोडी होती. त्यातला एक जळला होता. दुकानदाराने “पीएनपीच्या जागी पीएनपी, ताकदही पुरेशी” असे म्हणून एसके १०० ची जोडी दिली. मुलाने ती नीट बसवली. रेडिओ मोठ्या आवाजात बरा वाजे. पण रात्री आजोबा आवाज हळू करून बातम्या ऐकू लागले की शब्द फाटत. मुलगा खट्टू झाला. “सर, मी काही चुकलो नाही,” असे तो म्हणाला, आणि हाताच्या कामापुरते ते खरेच होते.

चूक पदार्थात होती. एसी १२८ जर्मेनियमचा आहे आणि एसके १०० सिलिकॉनचा. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेस आणि एमिटर यांच्यात ०.१ ते ०.३ व्होल्ट मिळाले की वाहू लागतो. सिलिकॉनला सुमारे ०.६ व्होल्ट लागतात. सर्किटातले रोध जर्मेनियमच्या हिशेबाने बसवलेले होते. त्यामुळे सिलिकॉनची जोडी विश्रांतीच्या काळात पूर्ण बंद राही, आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये खंड पडे. मोठ्या आवाजात तो खंड झाकला जातो, हळू आवाजात उघडा पडतो. भंगार सेटमधून काढलेली एसी १२८ ची जोडी लावली आणि आवाज साफ झाला. पदार्थाचा रकाना दोन्ही पुस्तकांत आहे. परंतु ‘जर्मेनियम’ या एका शब्दाचा समोरच्या सर्किटावर काय परिणाम होईल, हे कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही. ते शिकवावे लागते.

या पुस्तकांवरचा माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. दोन्ही पुस्तके क्रमांकापासून सुरू होतात. क्रमांकच नसेल तर ती मुकी होतात. आणि नेमक्या त्याच ठिकाणी शिकण्यासारखे सर्वांत जास्त आहे.

अर्धवट पुसलेला क्रमांकही पुष्कळ बोलतो. जुन्या युरोपीय ओसी ७१ मधला ‘ओ’ हे खरे तर शून्य आहे : व्हॉल्व्हच्या नामपद्धतीत पहिले अक्षर हीटरचे व्होल्टेज सांगे, आणि ट्रान्झिस्टरला हीटरच नाही! ‘सी’ म्हणजे ट्रायोड. १९६६ पासून रुळलेल्या प्रो इलेक्ट्रॉन पद्धतीत पहिले अक्षर ‘ए’ म्हणजे जर्मेनियम, ‘बी’ म्हणजे सिलिकॉन. दुसरे ‘सी’ म्हणजे कमी शक्तीचे ध्वनिकार्य, ‘एफ’ म्हणजे उच्च वारंवारता. अंक पुसले आणि ‘एएफ’ एवढेच उरले तरी निम्मे कोडे सुटते. जपानी पद्धतीत सुरुवातीचे ‘२ एस’ अनेकदा छापतच नाहीत, म्हणून २ एससी ८२८ हा नुसता ‘सी ८२८’ दिसतो. अमेरिकी ‘२ एन’ मात्र नोंदणीचा क्रमांक देतो, गुणधर्म सांगत नाही.

अक्षरे अजिबात नसतील तर जागा पाहावी. सहा ट्रान्झिस्टरांच्या सेटची मांडणी ठरलेली असे. फेराइट सळई आणि गँगजवळचा पहिला, धातूच्या डब्यांमधल्या आयएफ कॉइलींजवळचे दोन, व्हॉल्यूमनंतरचा ड्रायव्हर आणि ट्रान्सफॉर्मरपाशी शेवटची जोडी. युरोपीय सेटमध्ये याच क्रमाने ओसी ४४, दोन ओसी ४५, ओसी ७१ आणि दोन ओसी ७२ भेटतात. कलेक्टर बॅटरीच्या ऋण बाजूला जात असेल तर ट्रान्झिस्टर पीएनपी. शेजारचा चांगला ट्रान्झिस्टर चालू सेटमध्ये बेस-एमिटर व्होल्टेज दाखवील, त्यावरून जर्मेनियम की सिलिकॉन हे कळेल. काढलेला ट्रान्झिस्टर मीटरने तपासताना मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी : काट्याच्या साध्या मीटरमध्ये ओहमच्या रेंजवर बहुधा काळी तार धन असते, डिजिटल मीटरमध्ये लाल.

त्यानंतर पर्याय निवडावा. व्होल्टेज, प्रवाह आणि शक्ती यांच्या मर्यादा मूळइतक्या किंवा जास्त असाव्यात. ‘जास्त म्हणजे चांगले’ हा नियम मात्र सगळीकडे लावू नये. आयएफच्या टप्प्यात कलेक्टर-बेस धारिता लक्षात घेऊन एक छोटा कंडेन्सर मूळ सर्किटात जोडलेला असतो. फार वेगळा, फार वेगवान ट्रान्झिस्टर लावला तर सेट शिटी मारू लागतो. पायांचेही तसेच. बीसी ५४७, २ एन ३९०४ आणि २ एससी १८१५ बाहेरून सारखे दिसतात. पण सपाट बाजू समोर, पाय खाली धरले तर पायांचा क्रम डावीकडून पहिल्यात कलेक्टर-बेस-एमिटर, दुसऱ्यात एमिटर-बेस-कलेक्टर आणि तिसऱ्यात एमिटर-कलेक्टर-बेस असा असतो.

कधी कधी पर्यायाची गरजच नसते. एएफ ११४ ते एएफ ११७ या चार पायांच्या जुन्या ट्रान्झिस्टरांत डबीच्या आतून कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढतात आणि आतल्या भागाला चिकटतात. चौथा पाय डबीचा असतो. तो कापला की अनेकदा ‘मेलेला’ ट्रान्झिस्टर पुन्हा काम करतो. पुस्तक उघडणारा येथे नवा शोधत बसेल, तर सर्किट पाहणारा कात्री उचलील.

तेव्हा निवाडा असा : शाळेच्या कपाटात एकच पुस्तक ठेवायचे तर टॉवर्स यांचे ठेवावे. आज मूळ माहितीपत्रके इंटरनेटवर सहज मिळतात, तरी हजारो ट्रान्झिस्टर एकाच मापाने शेजारी-शेजारी पाहण्याची सोय मोलाची आहे. मायकेल्स यांचे पुस्तक घाईच्या दुकानदारासाठी ठीक. वर्गात ते विचार करण्याची जागा घेऊन टाकते.

टॉवर्सही उघडण्याआधी एक गोष्ट करून पाहावी. बॅटरीवर चालणारा एक सेट घ्यावा (थेट विजेवर चालणारा सेट मुलांच्या हाती कधीही देऊ नये). एका ट्रान्झिस्टरच्या क्रमांकावर कागदाची पट्टी चिकटवावी. मुलांकडून कागदावर सहा रकाने भरून घ्यावेत : जागा, प्रकार, पदार्थ, व्होल्टेज, प्रवाह, वारंवारता. ‘पर्याय’ हा रकाना सातवा, आणि तो सर्वांत शेवटी. मग पट्टी काढावी. आजोबांचा रेडिओ दुरुस्त केलेल्या त्या मुलाने आमच्या विज्ञान मंडळात हा खेळ प्रथम घेतला, आणि ‘पदार्थ’ या रकान्याखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या.