खुर्चीमागचा प्रेक्षक

एज ऑफ एम्पायर्स २ या स्ट्रॅटेजी गेमच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये लॉबी उघडली की सर्व्हरच्या रकान्यात ठिकाणांची नावं येतात. वेस्ट युरोप, ब्राझील साउथ, कोरिया सेंट्रल. आणि आपल्याकडची पोरं आपापसांत खेळत असतील तर बहुधा सेंट्रल इंडिया. मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेचा हा विभाग २०१५ मध्ये सुरू झाला आणि तो पुण्यात आहे. (पुणे मध्य भारतात कधी गेलं, हे नाव ठेवणाऱ्यालाच ठाऊक.) म्हणजे नवी सांगवीतल्या पोराने रात्री अकराला पाठवलेले घोडेस्वार कोलकात्यातल्या कुणाच्या शेतावर तुटून पडतात, तेव्हा तो हुकूम आधी पुण्यातल्याच एका इमारतीतून जातो. गेम बनवणारेही इथेच आहेत. ‘राजी’ हा २०२० मध्ये जगभर पोचलेला गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा. ‘इंडस’ हा २०२४ मध्ये आलेला बॅटल रॉयल पुण्याच्याच सुपरगेमिंगचा. युबिसॉफ्टचा स्टुडिओ तर २००८ पासून इथे आहे. यंत्र आहे, कारागीर आहेत, खेळणारे आहेतच. तरी ऑनलाइन स्ट्रॅटेजी गेम या कलेची आपल्याकडची प्रकृती काही बरी नाही, आणि तिचं निदान सहसा चुकतं.

कला हा शब्द काहींना खटकेल. पण एक सामना नीट बघा. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये बहुतेक संस्कृतींना सुरुवातीला तीन गावकरी, एक टेहळणीचा स्वार आणि एक टाउन सेंटर मिळतं. नवा गावकरी पन्नास अन्नात, पंचवीस सेकंदांत तयार होतो. हे पंचवीस सेकंदांचं चक्र एकदाही रिकामं जाऊ द्यायचं नाही, हा पहिला धडा. ऐकायला सोपा आहे. पण त्याच वेळी मेंढ्या शोधायच्या, रानडुक्कर अंगावर घेऊन टाउन सेंटरखाली आणायचं, लाकूडतोडे योग्य झाडीला लावायचे, आणि समोरचा काय करतोय याचा अंदाज नकाशाचा न दिसणारा भाग झाकणाऱ्या धुक्यातून बांधायचा. तो तिरंदाजीचं मैदान बांधतोय की तबेला? त्याचं सोनं उघड्यावर आहे का? पाचशे अन्न साठवून तो फ्यूडल युगात आपल्या आधी गेला तर आपल्या लाकूडतोड्यांवर भालाईत येणार आहेत की तिरंदाज? लाकूड, अन्न, सोनं आणि दगड ही पडद्यावर दिसणारी चलनं झाली. खरं चलन लक्ष आहे, आणि ते दोघांकडे सारखंच मर्यादित असतं. चांगला खेळाडू समोरच्याचं सैन्य मारण्याआधी त्याचं लक्ष मारतो. दोन घोडेस्वार मागच्या शेतावर सोडतो, समोरच्याची नजर तिकडे वळते, आणि पुढे त्याचे तिरंदाज उभ्या उभ्या कापले जातात.

कॉम्प्युटरशी खेळताना हे काही घडत नाही. कॉम्प्युटर घाबरत नाही, चिडत नाही, आणि हरल्यावर ‘जीजी’ (गुड गेम) टाइप करून निघून जात नाही. मल्टिप्लेअरची ओढ लागते ती इथे. पलीकडे एक माणूस आहे, त्यालाही तेवढंच दिसतंय आणि तरी त्याने वेगळं ठरवलं, हे कळण्यात जी मजा आहे ती जिंकण्याच्या मजेपेक्षा टिकाऊ. पंचवीस वर्षांहून जुना खेळ अजून खेळला जातो तो यासाठी.

या खेळाच्या पोटातली एक गोष्ट बाहेर फारशी माहीत नसते. दोन्ही बाजूंच्या शेकडो सैनिकांच्या हालचाली इंटरनेटवरून पाठवायच्या ठरवल्या असत्या तर पहिला एज ऑफ एम्पायर्स आला त्या १९९७ च्या मोडेमवर काहीच चाललं नसतं. म्हणून बनवणाऱ्यांनी फक्त हुकूम पाठवायची युक्ती काढली. प्रत्येकाचा कॉम्प्युटर स्वतःपुरतं सगळं युद्ध चालवतो आणि सगळे एकाच ठेक्यात पुढे सरकतात. तारेवरून जातं ते एवढंच, की अमक्याने तमक्या ठिकाणी क्लिक केलं. युक्ती देखणी आहे, पण तिची किंमत सामाजिक आहे. ठेका सगळ्यांचा एक असल्यामुळे सगळ्यांत मंद मशिनच्या वेगाने सगळेच चालतात. व्हॅलोरंटसारख्या नेमबाजीच्या खेळात तुमचं मशिन अडखळलं तर मरता तुम्ही एकटे. इथे चार विरुद्ध चारच्या सामन्यात एकाचा जुना पीसी बाकी सातांचा खेळ चिखलात घालतो. १९९९ चा मूळ खेळ पेंटियम १६६ आणि ३२ एमबी रॅमवर चालायचा. २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनने आधी मशिनचीच परीक्षा घेतली, एक हजार गुण मिळवा मग रँकमध्ये या. गरिबाचा खेळ म्हणून ज्याची ख्याती होती त्याच्या दारात अशी चाळणी बसली. पिंपळे गुरव-सांगवीत भाड्याच्या खोलीत राहून चाकणला कामाला जाणाऱ्या मुलाकडे बहुधा कॉलेजच्या वेळचा लॅपटॉपच असतो. लॉबीतून बाहेर काढला जाणारा पहिला तोच.

आणि वेळ. बॅटल रॉयलमध्ये वाईट खेळलात तर पाच मिनिटांत सुटका होते. स्ट्रॅटेजीचा सामना पाऊण तास अखंड मागतो, आणि अखंड पाऊण तास ही या पट्ट्यातली महाग वस्तू आहे. फर्स्ट शिफ्टवाल्याला पहाटे कंपनीची बस गाठायची असते, हिंजवडीवाल्याचा अमेरिकेशी कॉल लांबतो, आणि देखभालीसाठी गुरुवारी वीज गेली की चालू सामना हरल्यात जमा. अनोळखी प्रतिस्पर्धी थांबत नाही, आणि त्याने थांबावं तरी का? हा खेळ कामगार वस्तीच्या वेळापत्रकाशी मुळातूनच भांडतो. तरीही तो इथे खेळला जातो, याचं मला कौतुक वाटतं.

आता मुख्य मुद्दा. २००० नंतरच्या दशकात हा खेळ इथे रुजला तो नेट कॅफेतून. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून जोडून आणलेले पीसी, एका स्विचला लावलेल्या दहा-बारा केबल, तासाला वीस-पंचवीस रुपये. काउंटर-स्ट्राइक, वॉरक्राफ्ट ३ च्या नकाशातून जन्मलेला डोटा, आणि एज ऑफ एम्पायर्स. पैसे असायचे अर्ध्या पोरांकडे, बाकीची खुर्चीमागे उभी राहायची. या मागे उभ्या राहणाऱ्यांची नोंद कुणी घेतलेली नाही, पण कलेची शाळा तीच होती. चांगला खेळणारा हॉटकी कुठली दाबतो, नजर किती वेळाने मिनीमॅपवर जाते, हरायला लागल्यावर बोटं थरथरतात का, हे सगळं तिथून दिसायचं. शिवाय तोंडं बंद नसायची. “अरे मागे बघ, शेतं गेली तुझी!” “दगड का खणतोयस, टॉवर बांधणारेस का?” ते समालोचन होतं, अर्धवट, शिवराळ, पण मराठी. प्रत्येक चालीवर तिथल्या तिथे मत पडायचं, आणि मत पडणं म्हणजेच समीक्षा.

घरात ब्रॉडबँड आलं तेव्हाही ही सवय काही काळ टिकली. बीएसएनएलच्या पाचशेवाल्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा मोजला जात नसे. गजर लावून दोनला उठणारी एक पिढीच त्याने घडवली. गेमरेंजर, गरेना, हमाची या ऑनलाइन सेवांवर जमणारे मित्र दिवसा कॉलेजच्या कट्ट्यावर भेटायचे आणि रात्रीच्या सामन्याची चिरफाड करायचे. मग २०१६ मध्ये जिओ आलं, खेळ फोनवर गेला, पबजीने वस्त्या व्यापल्या. २०२० मध्ये त्यावर बंदी आली तोवर कॅफे रोडावले होते. आज सांगवीच्या एखाद्या गेमिंग कॅफेत डोकावलं तर वातानुकूलित खोलीत, कानावर हेडफोन चढवून प्रत्येक जण आपापल्या नेमबाजीत असतो. खुर्च्या गुबगुबीत झाल्यात. त्यांच्यामागे मात्र कुणी उभं नसतं.

ऑनलाइन रँकच्या व्यवस्थेने न्याय आणला, हे मान्य. एलो गुणांमुळे तुमची गाठ तुमच्याच तोलाच्या माणसाशी पडते. पण त्यामुळेच वरचढ माणसाजवळ बसायची सोय गेली. शिकायचं असेल तर यूट्यूबवर टी९०चं इंग्लिश समालोचन ऐका, हेरा या खेळाडूचे बिल्ड ऑर्डर पाठ करा. दोघेही आपल्या कामात उत्तमच आहेत. पण त्यातून घडतो तो पाठांतरवाला खेळाडू. कितव्या गावकऱ्याला कुठे लावायचं हे त्याला मुखोद्गत असतं. समोरच्याने अनपेक्षित काही केलं की तो गडबडतो. आपल्याकडचे सामने बघताना हा दोष वारंवार दिसतो. पहिली दहा मिनिटं काटेकोर, पुढे गोंधळ.

यावर नेहमी सांगितलं जाणारं कारण वेगळंच असतं. खेळात आपण नाही, म्हणून खेळ आपला वाटत नाही, असं. तक्रार खोटी नाही. एज ऑफ एम्पायर्स ३ मध्ये २००७ साली भारत आला. त्याच्या कालखंडात शिवाजी महाराजांपासून शेवटच्या पेशव्यापर्यंत सगळे बसतात. पण त्यात चारमिनार आहे, करणी माता आहे, रजपूत आणि गुरखे आहेत, रायगड नाही. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ने एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्रविड अशा संस्कृती केल्या. गुर्जरांचे सैनिक गुजरातीत बोलतात, द्रविडांचे तमिळमध्ये. देवगिरीचे यादव कुठे बसवायचे ते ज्याने त्याने ठरवावं. एम्पायर: टोटल वॉरमध्ये २००९ पासून मराठे घेऊन खेळता येतं खरं, पण तिथे उघड्या मैदानावर बंदुकवाल्यांच्या रांगा लावायच्या. सह्याद्रीला तर यातल्या कुठल्याच खेळाने हात लावलेला नाही. एज ऑफ एम्पायर्स २ मध्ये उंचावरून मारा केला की पंचवीस टक्के जास्त इजा होते. राजगड, तोरणा, पुरंदर यांचं सगळं शास्त्र त्या पंचवीस टक्क्यांत उरकलेलं आहे.

तरीही हे दुय्यम आहे, असं माझं मत आहे. दक्षिण कोरियाकडे बघा. १९९८ चा स्टारक्राफ्ट अमेरिकेत बनला. त्यात कोरियाचा इतिहास नाही, भूगोल नाही. अंतराळातले तीन वंश आहेत. पण पीसी बांगमध्ये, म्हणजे तिथल्या नेट कॅफेत, पोरं तो खेळली, आणि २००० पासून ऑनगेमनेट या वाहिनीवर त्याचं कोरियन भाषेत समालोचन सुरू झालं. २००४ मध्ये बुसानच्या ग्वांगाल्ली किनाऱ्यावर झालेल्या अंतिम सामन्याला लाखभर लोक जमल्याचं सांगितलं जातं. खेळ परका होता, बोलणं घरचं होतं. आपल्याकडे २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन ही डोटा २ ची जागतिक स्पर्धा झाली. पोरं गळा फाटेस्तोवर ओरडली, पण जगभर गेलेलं समालोचन इंग्लिश होतं, आणि मराठीत त्या सामन्यांवर वाचण्यासारखं काही उरलं नाही.

लांब कशाला, बुद्धिबळ घ्या. २०२० च्या टाळेबंदीत कॉमेडियन समय रैनाने हिंदीत, थट्टामस्करी करत, नाशिकच्या ग्रँडमास्टर विदित गुजराथीला सोबत घेऊन डाव दाखवले आणि ज्यांना कॅसलिंग माहीत नव्हतं ती पोरं तासन्‌तास बुद्धिबळ बघत बसली. आणि ही कला मराठीला नवी आहे असंही नाही. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत आणलं तेव्हा तो खेळही साहेबाचाच होता. ज्या घरात बॅट कधी शिरली नव्हती तिथे रेडिओभोवती माणसं बसली. जत्रेतल्या कुस्तीचा निवेदक आजही पैलवानाचा पट, पकड, गाव आणि वस्ताद एका दमात सांगतो. एवढी परंपरा पाठीशी असताना मल्टिप्लेअर स्ट्रॅटेजी, म्हणजे ज्याला समालोचन सर्वांत जास्त लागतं तो खेळ, आपण मुका ठेवला आहे. नेमबाजी न सांगता कळते. धुक्याआडचा बेत कुणीतरी सांगावाच लागतो.

सरकारी बाजू आता फारशी आड येत नाही. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये प्रदर्शनीय असलेल्या हार्थस्टोन या डिजिटल पत्त्यांच्या खेळात तीर्थ मेहताने कांस्यपदक आणलं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत डोटा २ च्या भारतीय संघानेही कांस्य घेतलं. त्याच वर्षअखेर ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे आले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले आणि ईस्पोर्ट्स त्यांच्यापासून वेगळे काढले. घरोघरी ‘ऑनलाइन गेम’ म्हटलं की रमीत बुडालेला कुणीतरी नातेवाईक आठवतो, आणि त्याचे फटके गावकरी मोजत बसलेल्या पोराला पडतात. निदान कायद्याने तरी हा घोळ मिटवला. घरातला मिटायला वेळ लागेल.

स्टुडिओंकडून लगेच काही होईल असं वाटत नाही. मल्टिप्लेअर स्ट्रॅटेजीला पहिल्याच दिवशी हजारो खेळाडू आणि पुढे कित्येक वर्षांची तोलजोख लागते; कुठलाही व्यावसायिक स्टुडिओ दचकेल. पण फॉरगॉटन एम्पायर्स या स्टुडिओची मंडळी मुळात चाहते होती. त्यांनी हौसेने बनवलेलं एज ऑफ एम्पायर्स २ चं विस्तारित रूपच पुढे २०१३ मध्ये अधिकृत झालं, आणि आज तो खेळ त्यांच्याच हातात आहे. त्यांनी आधी खेळाबद्दल वर्षानुवर्षं बोलून घेतलं होतं.

तेव्हा हे वाचणाऱ्यांपैकी जे खेळतात त्यांना एवढंच सांगणं आहे. सामन्यांची रेकॉर्डिंग तुमच्या फोल्डरमध्ये आपोआप साठत असतात. त्यातला एक निवडा. जिंकलेला नको, शेवटपर्यंत लढून हरलेला घ्या. सुट्टीच्या रात्री तो परत लावा, माइक सुरू करा, आणि कुठल्या मिनिटाला काय दिसलं, काय दिसायला हवं होतं, ते मराठीत बोला. ऐकायला पाच जण आले तरी पुरे.