हाजीरजामीन आणि मालजामीन
(पिंपरी येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आजचा विषय दिला आहे तो असा : ‘जामीनदारीचा व्यवसाय : नियमन हवं की बंदी?’ कायद्याच्या पुस्तकात असा व्यवसायच नाही. पण कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सच्या दुकानापाशी तो आहे. वकील मंडळी हसताहेत, म्हणजे मला फार पुरावे द्यायला नकोत.

सुरुवात शब्दापासून करतो. ‘जामीन मिळाला’ म्हटलं की आज आपल्याला सुटका आठवते. पण मुळात जामीन म्हणजे माणूस. ‘तो मला जामीन राहिला’ असं आपण अजूनही म्हणतो. जुन्या मराठी कागदपत्रांच्या भाषेत या माणसाचे प्रकार आहेत. बोलावल्या दिवशी अमुक इसम हजर होईल अशी हमी घेणारा तो हाजीरजामीन. रकमेची हमी घेणारा तो मालजामीन. दोन वेगळी कामं, म्हणून दोन वेगळे शब्द.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. फौजदारी कोर्टाला गरज असते हाजीरजामिनाची, आणि ते मागतं मालजामीन. भाडोत्री जामीनदारांचा सगळा बाजार या एका गफलतीवर चालतो.

आता चाकणला या. समजा, धाराशिवकडचा एक मुलगा महाळुंग्यात ठेकेदाराकडे कामाला आहे. एका खोलीत चौघं, भाडेकरार नाही, रेशनकार्ड गावी. पाळी सुटल्यावर मारामारी झाली, गुन्हा दाखल झाला. १५ ऑगस्ट २०१८ पासून पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. तालुका मात्र खेड, त्यामुळे कोर्ट राजगुरुनगरला. आणि तुरुंग येरवड्याला. तीन दिशांना तीन दारं. जामीन मंजूर होतो पंधरा हजारांचा, ‘तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार’ या अटीवर. लायक कोण? ज्याच्याकडे सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे, रेशनकार्ड आहे, कधी तहसीलदाराचा ऐपतीचा दाखलाही आहे. खोलीमालक म्हणतो, मला कोर्टकचेरी नको. ठेकेदार म्हणतो, त्याला कालच कामावरून कमी केला. गावी बापाच्या नावावर दोन एकर आहेत, पण तो जामीनदार ‘बाहेरचा’ ठरतो. मग कुणीतरी हळूच विचारतं, ‘जामीनदार बघायचा का?’

बघा, या मुलाला हजर ठेवू शकणारा एकच माणूस होता, त्याचा बाप. त्याला आपण परत पाठवला. आणि ज्याला आरोपीचं नाव कागदावर वाचून कळतं, त्याला आपण लायक ठरवला. तोही खरा असला तर. बनावट रेशनकार्ड, खोटे सातबारे दाखवून जामीनदार उभे केल्याचे गुन्हे अधूनमधून दाखल होतात, ते तुम्ही पेपरात वाचता.

यात कायद्याची मूळ कल्पनाच मरते. इंग्लंडच्या अपील कोर्टानं १८८५ साली हर्मन विरुद्ध युश्नर या प्रकरणात सांगितलं होतं, की आरोपीनंच जामीनदाराची रक्कम भरून ठेवली तर जामीनदाराला त्याच्यावर लक्ष ठेवण्याचं कारणच उरत नाही. म्हणून असा करार सार्वजनिक धोरणाच्या विरोधात. आपल्या करार कायद्याचं कलम २३ याच तत्त्वावर आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४८६ आहे. जामीनदारानं आणखी किती जणांना जामीन राहिलोय हे जाहीर करायचं. चांगलं कलम आहे. पण जाहीर करायला तो माणूस तरी खरा हवा.

आता ज्या निकालाचं आपण सगळे कौतुक करतो, त्याच्याकडे जरा टीकेच्या नजरेनं पाहू. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश, १९७८. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. मोतीराम गवंडी होता. दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ पुढे आला, पण त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. अय्यरांनी हजार रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं. बस्तर, पोर्ट ब्लेअर, पहलगाम, चांदनी चौक अशी गावं घेऊन त्यांनी विचारलं, की परमुलखात अटक झालेल्या माणसानं तिथला जामीनदार आणायचा कुठून? चाकण एमआयडीसी तेव्हा नव्हती, नाहीतर तेही नाव यादीत आलं असतं.

निकाल वाचताना अंगावर काटा येतो. पण मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर तो ठेवा आणि विचारा, आता मी काय मोजू? उत्तर मिळत नाही. गर्जना आहे, फूटपट्टी नाही. फूटपट्टी दिली न्यायमूर्ती भगवतींनी, पुढच्याच वर्षी, हुसैनारा खातून प्रकरणात. किती वर्षं इथे राहतो, काम काय करतो, कुटुंब कुठे, पूर्वी काही गुन्हा आहे का, त्याच्याबद्दल शब्द द्यायला कोण तयार आहे. म्हणजे पैशाऐवजी नाती मोजा. हा शुद्ध हाजीरजामीन आहे! पण हिलाही एक मर्यादा आहे. ही फूटपट्टी स्थिर माणसाची आहे. दर अकरा महिन्यांनी ठेकेदार आणि खोली बदलणारा कामगार पहिल्याच ओळीत नापास होतो. त्याची नाती गावी आहेत आणि रोजगार इथे. दोन्ही एकत्र मोजायला हवं, ते कुणी सांगितलं नाही.

आता काहीजण म्हणतात, व्यवसाय आहेच तर परवाना द्या. अमेरिकेत तसं आहे. तिथला बाँडवाला साधारण दहा टक्के घेतो, आणि खटला निर्दोष सुटला तरी ते परत मिळत नाहीत. त्याला परवाना आहे, प्रशिक्षण आहे, संघटनाही आहे. आणि इथेच मेख आहे. कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये रोख जामीन बंद करणारा कायदा केला. बाँड उद्योगानं सह्या गोळा करून तो मतदानाला नेला आणि २०२० मध्ये तो रद्द झाला. परवाना दिला की धंद्याला आवाज मिळतो, आणि गरिबाची अडचण हे कुणाचं तरी उत्पन्न होतं. केंटकीनं १९७६ मध्येच हा धंदा बंद केला. इलिनॉयनं २०२३ मध्ये रोख जामीनच काढून टाकला. त्यांनी ज्यातून बाहेर पडायला इतकी वर्षं घालवली, त्यात आपण आता शिरायचं?

मगाशी एक चिठ्ठी आली आहे : ‘मग बनावट जामीनदारांवर कारवाई नको का?’ हवीच. त्यात साखळी चालवणारे आधी धरा, पाचशे रुपयांसाठी उभा राहिलेला म्हातारा नंतर. पण नुसत्या कारवाईनं बाजार बंद पडत नाही, भाव वाढतो. मागणी कमी करा.

ती करायला नवा कायदाही लागत नाही. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर तो माणूस निर्धन समजून स्वतःच्या बंधपत्रावर सोडायचा, असं कलम ४७८ सांगतं. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका नाही झाली तर तुरुंग अधीक्षकानं विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे विलंबाचं एक कारण आहे. केंद्राची गरीब कैद्यांसाठीची योजना पैशाची मदत देते. चांगली आहे, पण तीही मालजामिनाचीच किंमत भरते. प्रश्न बदलत नाही.

आणि महाराष्ट्रात तर सबबच उरलेली नाही. डिजिटल सहीचा सातबारा कुठूनही तपासता येतो. मग परांड्याचा बाप राजगुरुनगरला ‘बाहेरचा’ कसा? वकील मित्रांना माझी विनंती आहे. पुढच्या अर्जात ऐपतीच्या कागदांबरोबर कंपनीचं गेटपास जोडा, पगाराची नोंद जोडा, गावच्या बापाचं प्रतिज्ञापत्र जोडा, आणि न्यायाधीशांना नम्रपणे विचारा : साहेब, आपल्याला यातला कोणता जामीन हवा आहे, हाजीर की माल?