शेजारणीची वाटी

आयरा लेव्हिन या अमेरिकन लेखकाची ‘रोझमेरीज बेबी’ ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी रोमन पोलान्स्कीने तिच्यावर चित्रपट काढला, आणि तेव्हापासून ती सैतानाची गोष्ट म्हणून ओळखली जाऊ लागली. मला ती जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. माझे इंग्रजी मॅट्रिकच्या बेताचे. शब्दकोश उशाशी ठेवून पंधरा-वीस रात्री मी ती वाचली. वाचून झाली तेव्हा सैतानाचे भय काही मला वाटले नाही. भय वाटले ते एका वाटीचे.

रोझमेरी आणि गाय वुडहाऊस हे नव्याने संसार मांडणारे जोडपे. तो नट आहे. दोन नाटकांतली लहानसहान कामे आणि दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती एवढीच त्याची पुंजी. ती माहेरच्या माणसांपासून तुटलेली, आणि आपल्याला मूल व्हावे म्हणून आसुसलेली. न्यूयॉर्कमधल्या ब्रॅमफर्ड नावाच्या जुन्या, ऐसपैस इमारतीत त्यांना जागा मिळते. हच नावाचा त्यांचा एक वडीलधारा स्नेही आहे. मुलांसाठी साहसकथा लिहिणारा हा गृहस्थ त्या इमारतीचा वाईट इतिहास सांगून त्यांना सावध करतो. पण हवी तशी जागा मिळालेल्या माणसाने असला इतिहास मनावर घेतल्याचे कधी कोणी पाहिले आहे काय? दोघे तिथे बिऱ्हाड थाटतात. भिंतीपलीकडे मिनी आणि रोमन कॅस्टेव्हेट हे म्हातारे जोडपे राहते. मूळच्या एकाच मोठ्या बिऱ्हाडाची पुढे दोन झालेली. मधले दार एका कपाटाच्या पाठीमागे आहे, आणि आधीच्या भाडेकरू बाईने त्या कपाटापुढे एक जड फडताळ ओढून ठेवले होते. म्हाताऱ्या बाईने एवढे ओझे का ओढले असावे, याचे नव्या बिऱ्हाडाला नवल वाटते. फडताळ बाजूला सारले जाते. रोझमेरी कपाटातल्या फळ्यांवर स्वच्छ कागद अंथरते, आणि विषय मिटतो.

मग ती वाटी येते. मिनी दोन वाट्यांत चॉकलेटचे काही गोड करून आणते. रोझमेरीला त्यात खडूसारखी चव लागते. ती तसे म्हणते. गाय म्हणतो, छे, मला तर काही लागत नाही. म्हातारीने एवढे राबून केले, तू टाकतेस कशी? खा. आपण खाल्ल्यावाचून हा विषय संपणार नाही, हे ओळखून ती थोडे खाते आणि उरलेले नवऱ्याच्या नकळत लपवते. त्या रात्री तिची शुद्ध हरपते. सकाळी अंगावर ओरखडे असतात, आणि ते आपलेच असल्याचे नवरा थट्टेच्या सुरात सांगतो. तिला दिवस राहतात. पण ज्याची तिने इतकी वाट पाहिली ते मूल कोणाचे आणि कोणासाठी, हे तिच्याखेरीज आसपासच्या साऱ्यांना ठाऊक आहे.

आपल्या वाङ्मयात शेजार बहुधा प्रेमळ असतो. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली आली, तेव्हापासून तर शेजारी म्हटला की मराठी वाचकाच्या ओठांवर आधीच हसू उमटते. भांडणे होतात ती नळावर किंवा जिन्यात, आणि रात्रीपर्यंत मिटतात. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, त्यात निदान चिमूटभर साखर तरी घालावी, अशी आपली रीत. ही रीत मला प्रिय आहे. परंतु ती पाळणाऱ्या माणसाला ‘नको’ म्हणण्याची सोय कुठे ठेवली आहे, हा प्रश्न आपल्या कथाकादंबऱ्यांनी फारसा विचारलेला नाही. लेव्हिनने तो विचारला. त्याची मिनी दारात उभी राहून शिव्या देत नाही, केर टाकत नाही. ती रोज स्वतः घोटलेले पेय घेऊन येते आणि रोझमेरीने ते संपवीपर्यंत समोर उभी राहते. उघड वैर करणाऱ्यापुढे दार लावून घेता येते. वाटी घेऊन आलेल्या बाईपुढे कसे लावणार?

कादंबरीकार म्हणून मला या पुस्तकात सर्वांत शिकण्याजोगे वाटले ते कथनातले पथ्य. लेव्हिन एक क्षणही रोझमेरीला सोडून भिंतीपलीकडे जात नाही. तिने जे पाहिले, ऐकले, चाखले तेवढेच आपल्याला कळते. त्यामुळे प्रत्येक घटनेला दोन अर्थ राहतात. गायच्या प्रतिस्पर्ध्याची दृष्टी एकाएकी जाते आणि त्याची भूमिका गायला मिळते: हा योगायोगही असेल. धोक्याची सूचना देऊ पाहणारा हच भेटीच्या दिवशीच बेशुद्ध होतो: हेही घडू शकते. शिवाय सारे खऱ्या तारखांच्या खुंट्यांवर टांगलेले. ४ ऑक्टोबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे न्यूयॉर्कला आले होते. ती वाटी त्याच रात्री येते. डॉक्टरच्या बैठकीत पडलेला ‘टाइम’चा अंक, देव मेला काय असे मुखपृष्ठावर विचारणारा, तोही एप्रिल १९६६ मध्ये खरोखरच निघाला होता. पडद्यांचे कापड, उशांचे अभ्रे, भिंतींचे रंग यांची वर्णने तर इतकी की प्रथम मला कंटाळा आला. मग ध्यानात आले, बाई घर सजवते आहे हेच तर दुःख आहे. अद्भुत रसाला एवढी घरगुती बैठक आमच्याकडे क्वचितच मिळाली असेल.

आणि त्या घरात एक नवरा आहे. समीक्षकांनी मिनीचे कौतुक पुष्कळ केले. चित्रपटात ती भूमिका करणाऱ्या रूथ गॉर्डनला ऑस्करही मिळाले. माझ्या मते खरे पात्र गाय आहे. तो मारझोड करीत नाही. बायकोला तो हसवतो, तिच्यासाठी फुले आणतो. त्याने फक्त एक सौदा केला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या देहातून चुकवायची आहे. तिचे पोट महिनोन् महिने दुखत राहते, ती वाळत जाते, आणि शेजाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर सांगतो की पुस्तके वाचू नकोस, मैत्रिणींचे ऐकू नकोस. गाय त्यावर मान डोलावतो. घरी मेजवानीला आलेल्या तिच्या मैत्रिणी एकदा स्वयंपाकघराचे दार लावून घेतात आणि गायला बाहेर ठेवून तिला म्हणतात, अग, असे दुखणे बरे नव्हे, दुसऱ्याला दाखव. ती त्यांच्यापुढे ढसढसा रडते. साऱ्या कादंबरीत तिच्यावर विश्वास टाकला जातो तो एवढ्या त्या दोन-तीन पानांत. मला ती पाने सलग वाचता आली नाहीत.

का, ते सांगतो. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही एका तालुक्याच्या गावी वाड्यात दोन खोल्या घेऊन राहत होतो. शेजारी एक वयस्क काका-काकू होते. पहिले दोन महिने लोणच्याच्या नि खिरीच्या वाट्या आल्या. पुढे नळावर माझ्या पत्नीची घागर बाजूला सारली जाऊ लागली, वाळत घातलेली लुगडी चिखलात पडू लागली, आणि घरात पाळणा कसा हलत नाही यावर चार बायकांत मोठ्याने चर्चा होऊ लागली. वाट्या मात्र येतच राहिल्या. पत्नी एकदा म्हणाली, “आपण बाहेर गेलो की कोणीतरी खोलीत येते. माझ्या ट्रंकेतल्या घड्या मोडलेल्या असतात.” मी म्हणालो, “तुला भास होतात.” असे मी पुष्कळदा म्हणालो. त्या काकांची शाळेच्या चालकांशी ओळख होती, आणि मला नोकरीत कायम करावे म्हणून त्यांनी शब्द टाकला होता. दोन वर्षांनी आम्ही बिऱ्हाड हलवले, त्या दिवशी काकूंचा नातू धावत आला आणि एक किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “आजीने दिलीय, तुमच्या खोलीची.”

यावर मी पुढे एक कादंबरी लिहिली. तिच्यात तरुण पत्नी संशयी, हळव्या मनाची, नवरा सोशीक. अभिप्राय चांगले आले. नवऱ्याच्या संयमाचे चित्रण विशेष उतरले आहे, असे एकाने लिहिले होते. लेव्हिन वाचताना मला प्रथमच कळले की मी ती कादंबरी भिंतीच्या चुकीच्या बाजूला बसून लिहिली होती. तंत्राचा दोष म्हणून तो सांगता येईल, निवेदनाची जागा चुकली असे म्हणता येईल. पण जागा का चुकली, हे तंत्राच्या पुस्तकात सापडत नाही.

‘रोझमेरीज बेबी’त उणिवा नाहीत असे नव्हे. लाकडी अक्षरे जुळवून शेजाऱ्याच्या नावातून दुसरे नाव निघते, ही युक्ती मला पोरकट वाटली. त्याहून कितीतरी सरस आहे ती गळपट्ट्याची गोष्ट: अंध झालेल्या त्या नटाला रोझमेरी फोन करते आणि बोलण्याच्या ओघात तिला कळते की गायने त्याच्याशी गळपट्टा बदलून घेतला होता. चेटकाला बळीची एखादी वस्तू लागते, हे तिने तोवर वाचलेले असते. एवढ्या क्षुल्लक वस्तूने तिचा संसार संपतो. शेवटी लेव्हिन सैतान खराच होता असे दाखवून संशयाची दोरी सोडून देतो, तेही मला पटले नाही. पण त्या शेवटातही एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे माझ्या तक्रारी लटक्या पडतात. रोझमेरी सुरी घेऊन कपाटामागच्या दारातून पलीकडे जाते, नवऱ्यावर थुंकते, आणि मग पाळणा हलवणाऱ्या बाईला सांगते की तू फार जोरात हलवते आहेस. मातृत्वाचा हा विजय की शेजाऱ्यांचा, यावर वाद घालणारे घालोत. मला तिथे एक बाई दिसते, जिला घरातले पहिले खरे काम आता मिळाले आहे. १९९७ साली लेव्हिनने या कथेचा उत्तरभाग लिहिला. त्याविषयी न बोललेलेच बरे.

माझी पत्नी इंग्रजी वाचत नाही. मी रोज रात्री वाचलेला भाग तिला सांगत असे आणि ती भाजी निवडीत ऐकत असे. वाटीच्या प्रसंगाला ती काही बोलली नाही. गळपट्ट्याचा प्रसंग सांगितला त्या रात्री मात्र तिचा हात थांबला.

“अहो,” ती म्हणाली, “काकांनी तुमच्यासाठी शब्द टाकला होता, ते तुमच्या पुस्तकात आहे का?”

मी म्हटले, “नाही.”

“मला वाटलेच,” ती म्हणाली, आणि मेथीची दुसरी जुडी तिने पुढ्यात ओढली.